साथीदाराचे नाव मस्टरवर



आंगणेवाडीच्या जत्रेला जाणाऱ्या मसुरेकरांना दशावतार समजावून सांगायला नको. रंगवलेला, चमचमत्या पोशाखातला राजा बोलू लागतो. पण त्याच्या बोलण्याला उठाव देणारे पेटीवाले, पखवाजवाले नि झांजवाले सर्वांच्या डोळ्यांसमोर बसलेले असतात.

1970 नंतर इंग्लंडात असाच एक थाट निघाला. त्याला ‘ग्लॅम रॉक’ म्हणत. पुरुष गायक तोंडाला रंग लावून, झगमगीत कपडे घालून गात. त्यांतला अग्रणी डेव्हिड बोवी. त्याच्या शेजारी गिटार घेऊन उभा राहणारा मिक रॉन्सन हा हल शहराच्या नगरपालिकेतला माळी. 1970 साली बोलावणे आले, तेव्हा तो मैदानावर रेघा आखीत होता. 1971 च्या ‘लाइफ ऑन मार्स?’ या गाण्यातील व्हायोलिनांचा मेळ त्यानेच बांधला. 29 एप्रिल 1993 रोजी, अवघ्या 46 व्या वर्षी, यकृताच्या कर्करोगाने तो गेला. गाणे बोवीच्या नावावर आहे. मेळ मात्र रॉन्सनचा वाजतो.

हल लांब आहे, पण गोव्यातले माजोर्डा जवळ आहे. तेथले अँथनी गोन्साल्विस 1943 साली मुंबईस आले आणि नौशादांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागले. पुढे अनेक चित्रपटांच्या गाण्यांचा वाद्यमेळ त्यांनी रचला. 1958 साली त्यांनी भारतीय रागांवर पाश्चात्य पद्धतीचा मोठा वाद्यवृंद उभा केला. प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. 1977 साली ‘अमर अकबर अँथनी’त नायक गाण्यातून आपले नाव ‘अँथनी गोन्साल्विस’ सांगतो, ती शिष्याने गुरूला दिलेली मानवंदना. देशभर ते नाव दुमदुमले, पण लोकांना ते पडद्यावरच्या सोंगाचेच वाटले! खरे अँथनी माजोर्ड्याला परतले होते. 18 जानेवारी 2012 रोजी ते वारले.

आता मुद्द्याचे. नाव हा केवळ मानाचा प्रश्न आहे काय? आम्ही कामगारांत वावरणारे. मस्टरवर नाव नसले की पगार नाही, ग्रॅच्युइटी नाही, हे आम्ही रोज पाहतो. गाण्याच्या धंद्यातही तेच. 1994 च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलावंताच्या सादरीकरणाला हक्क मिळाला. 2012 च्या दुरुस्तीने त्याला रॉयल्टीही लागू झाली. परंतु त्याच दुरुस्तीत एक मेख आहे. चित्रपटात ज्याचे काम प्रासंगिक ठरते, आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीत येत नाही, त्याला एका नैतिक हक्कापुरते सोडले तर कायदा कलावंतच मानीत नाही. म्हणजे आधी नाव गाळायचे, आणि मग नाव नाही म्हणून हक्क नाकारायचा! बदली कामगाराची वर्षानुवर्षे हीच कथा आहे.

म्हणून मृत कलावंतास हार घालून आपण मोकळे होऊ नये. आज आपल्या दशावताराचीही चित्रफीत निघते, विकली जाते. त्या करारात राजाच्या नावाखाली पेटीवाल्याचे, पखवाजवाल्याचे नि झांजवाल्याचे नाव लिहा, त्यापुढे त्याचा वाटा लिहा, आणि त्याची सही घ्या. अँथनींना शिष्याच्या प्रेमाने नाव मिळाले. आपल्या साथीदारांना ते कागदावर मिळाले पाहिजे, तेही जिवंतपणी.