घाटातली कारवी, पुण्याची पेढी

इगतपुरीच्या घाटात कारवी फुलते ती साधारण सात-आठ वर्षांनी एकदा. तो बहर हुकलेल्या अभ्यासकाला आधार असतो वाळवून कागदावर चिकटवलेल्या फांद्यांचा. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातला असा संग्रह फादर ब्लाटर यांच्या नावाने ओळखला जातो. फांदीसोबत स्थळ-तारखेची चिठ्ठी नसेल, तर तो नुसता पाचोळाच!

जिवंत जंतू सांभाळणे त्याहून नाजूक. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत उद्योगांना लागणारे यीस्ट, बुरशी, जिवाणू १९५१पासून जपले जातात. पुण्यातल्याच दुसऱ्या सूक्ष्मजीव संग्रहाला २०११मध्ये बुडापेस्ट करारानुसार आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. पेटंटासाठी परदेशी संशोधकही तिथे जंतू ठेवू शकतात.

ही जपणूक शिकवणारे वर्ग महाविद्यालयांपर्यंत पोहोचायलाच हवेत. श्रोतेहो, घाटात फूल तोडू नका. फोटो काढा आणि गाव, तारीख टिपून ठेवा.