‘व्यक्ती’ म्हणजे कोण? १८७९ मधल्या एका अर्जाची गोष्ट

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, वकील नाही. त्यामुळे कलमांवर व्याख्यान देत नाही, एका अर्जाची गोष्ट सांगतो.

अमेरिकेत नेब्रास्काच्या नायोब्रारा नदीकाठी पोंका नावाची आदिवासी जमात राहायची. १८६८ च्या एका तहात सरकारने त्यांची जमीन चुकून सू जमातीला देऊन टाकली. चूक सरकारची, बेघर झाले पोंका. १८७७ मध्ये त्यांना जबरदस्तीने दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात नेलं. तिथे रोगराईने माणसं मरत गेली. जमातीचे एक प्रमुख स्टँडिंग बेअर यांचा मुलगाही गेला. ‘मला आपल्या वाडवडिलांच्या मातीत दफन करा,’ एवढंच त्याचं मागणं होतं. जानेवारी १८७९ मध्ये, कडाक्याच्या थंडीत, बाप मुलाचे अवशेष घेऊन सुमारे ३० जणांसह पायी उत्तरेला निघाला. परवानगी घेतली नाही म्हणून लष्कराने त्यांना पकडून ओमाहाच्या छावणीत डांबलं.

गंमत बघा, डांबणाऱ्या जनरल जॉर्ज क्रूक यांनाच हे पटत नव्हतं. हे प्रकरण थॉमस टिबल्स या पत्रकाराने वर्तमानपत्रातून मांडलं, वेबस्टर आणि पॉपलटन हे दोन वकील पुढे आले आणि कोर्टात हेबियस कॉर्पसचा अर्ज पडला. प्रतिवादी अर्थात जनरल क्रूक.

या अर्जात कैद्याला आपलं निर्दोषत्व सिद्ध करावं लागत नाही. ज्याने कोंडलंय, त्यानेच सांगायचं असतं की कुठल्या कायद्याने कोंडलं. उत्तर नसेल तर सोडायचं. म्हणून सरकारी वकिलाने त्या प्रश्नाला बगलच दिली. त्याचं म्हणणं, इंडियन माणूस कायद्याच्या नजरेत ‘व्यक्ती’च नाही, त्याला अर्ज करताच येत नाही! आमच्या भाषेत सांगायचं तर, इनपुटच नाकारलं की प्रोग्राम चालवायचा प्रश्नच येत नाही.

न्यायाधीश एल्मर डंडी यांनी कायदा उघडला. त्यात ‘नागरिक’ असा शब्दच नव्हता, ‘व्यक्ती’ होता. मग त्यांनी चक्क शब्दकोश पाहिला. १२ मे १८७९ रोजी निकाल दिला: इंडियन ही व्यक्ती आहे, तिला अर्जाचा हक्क आहे, कैद बेकायदा आहे. स्टँडिंग बेअर सुटले आणि मुलाचं दफन नायोब्राराकाठी झालं.

इथे टाळ्या वाजवून थांबू नका. त्यांचे भाऊ बिग स्नेक यांना वाटलं, हा निकाल आपल्यालाही लागू आहे. लष्कराने म्हटलं, तो फक्त त्याच कैद्यांपुरता. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस बिग स्नेक यांना अटक करताना सैनिकांनी गोळी घालून मारलं. १८८४ मध्ये त्याच दोन वकिलांनी जॉन एल्क यांच्या मतदानाच्या हक्कासाठी सुप्रीम कोर्टात लढा दिला आणि ते हरले. एल्क ‘व्यक्ती’ होते, ‘नागरिक’ नव्हते.

आपल्या राज्यघटनेचं कलम २१ मुद्दाम वाचा. तिथेही ‘व्यक्ती’ आहे. कलम १९ मात्र नागरिकांपुरतं. हेबियस कॉर्पस, म्हणजे देहोपस्थितीचा अर्ज, कलम २२६ खाली हायकोर्टात करता येतो आणि तो कोठडीतल्या माणसानेच करावा असं नाही. आई, भाऊ, मित्र कुणीही करू शकतो. तिहारमधल्या सुनील बत्रा या कैद्याने दुसऱ्या कैद्याच्या छळाबद्दल न्यायाधीशांना साधं पत्र लिहिलं होतं. सुप्रीम कोर्टाने तेच अर्ज म्हणून दाखल करून घेतलं.