बेगम रुकय्यांची मोटार



आपल्या शिवणवर्गाला येणाऱ्या एका मुलीला गेल्या महिन्यात कोणीतरी सहज विचारले, "तू मंडळात येतेस, मग घरी नमाज पढतेस की सोडलास?" विचारणारीच्या मनात वाईट काही नव्हते. पण ती मुलगी पुढे आठवडाभर वर्गाला आली नाही. आज बोलायचे तर ह्याच विषयावर, असे मी तेव्हाच ठरविले.

स्त्रीवाद हा विलायतेहून आलेला माल आहे, आणि मुसलमान बाईला तो हवा असेल तर तिने आपला धर्म उंबऱ्याबाहेर ठेवावा, अशी आपल्यातल्या पुष्कळजणींची समजूत आहे. गंमत अशी की, त्यांच्यातले कर्मठ लोकही नेमके हेच सांगतात!

बंगालच्या बेगम रुकय्या सखावत हुसेन ह्यांची हकीकत ऐका. १८८० साली रंगपूर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, त्यांचा जन्म झाला. घरातल्या मुलींना बंगाली आणि इंग्रजी शिकवीत नसत. रात्री सारे निजले म्हणजे थोरला भाऊ त्यांना शिकवी. १९११ साली, पती वारल्यावर, त्यांच्या नावाने बेगमसाहेबांनी कलकत्त्यात मुलींची शाळा काढली. मुली किती, तर आठ! बुरखा घेऊन त्या घरोघर जात आणि आईबापांची मनधरणी करीत. विद्या मिळविणे हे धर्मानेच सांगितलेले कर्तव्य आहे, असे त्या सांगत.

पुढे मुलींना आणण्यासाठी मोटार आली. पडदा पाळायचा म्हणून ती चहूकडून बंद. आतल्या काळोखात मुली घाबरत, ओकत, कोणी बेशुद्ध पडत. म्हणून झडपा काढून पडदे लावले, तर ते वाऱ्याने उडू लागले, आणि बेपर्दा शाळा म्हणून धमकीची पत्रे आली. हे सारे त्यांनी 'अवरोधवासिनी' ह्या पुस्तकात लिहून ठेवले आहे. धर्माविषयी त्या नेहमीच गोड बोलल्या असेही नाही. त्यांच्या एका लेखातला धर्मग्रंथांवरचा कडक मजकूर पुस्तकात छापताना गाळला गेला. तरी शाळा चालविली ती मुसलमान म्हणूनच.

आपल्या मुंबईतही १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा नेला. जबानी तलाक बंद करा, ही एक मागणी. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरविला, तोही मुसलमान स्त्रियांच्याच अर्जावर. बहुमतातल्या एका न्यायमूर्तींचे कारण तर असे की, तो कुराणाच्याच शिकवणीविरुद्ध आहे.

आता थोडे आपल्या घरात डोकावू. इस्लामी कायद्यात मुलीला बापाच्या मिळकतीत भावाच्या निम्मा वाटा आहे. निम्मा म्हणजे बरोबरीचा नव्हे, हे मी झाकीत नाही. पण तो तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वीचा. आपल्याला बापाच्या स्वकष्टार्जितात भावाबरोबरीचा हक्क १९५६ साली मिळाला आणि वडिलोपार्जितात २००५ साली. आणि भाऊबीज गोड व्हावी म्हणून हक्कसोडपत्रावर सही करून आलेल्या ह्या सभागृहात किती आहेत, हे मी विचारीत नाही. मीही त्यांतलीच.

ती मुलगी सोमवारपासून पुन्हा वर्गाला येऊ लागली आहे. नमाजाची वेळ झाली की मागच्या खोलीत जाते. तेवढा वेळ तिचे मशीन दुसरीने वापरायला तिची काही हरकत नाही.