देवाचे प्रेम आणि मजुराची मजुरी



युनियनचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला की तो बोनस, महागाई भत्ता आणि कामाचे तास यांवरच बोलणार, असा श्रोत्यांचा समज असतो. आज चालकांनी मला ख्रिस्ती धर्मातील प्रेम, न्याय आणि तारण या विषयावर बोलण्यास सांगितले आहे. धर्मशास्त्राचा अधिकार मजपाशी नाही. शाळेच्या पायऱ्या मी फारशा चढलो नाही. जे वाचले ते सार्वजनिक वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीतील कंदिलापाशी. परंतु बायबल वाचताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. या ग्रंथात मजुराची मजुरी हा विषय पुन्हा पुन्हा येतो. त्याच दाराने मी आज आत शिरणार आहे.

नगरकरांना हा विषय परका नाही. अमेरिकन मराठी मिशनचे काम येथे १८३१ साली सुरू झाले. 'ज्ञानोदय' हे पत्र १८४२ साली याच शहरात निघाले. फरारबाईंची मुलींची शाळा येथे पाहून जोतिराव फुल्यांना पुण्यात तशी शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ साली येथे कॉलेज उभे केले. हे सारे आपण अभिमानाने सांगतो. मात्र १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात आणि पुढे १८९९-१९०० च्या दुष्काळात या जिल्ह्यातील जी महार-मांग कुटुंबे ख्रिस्ती झाली, त्यांच्याविषयी एक शब्द अजूनही गावोगाव ऐकू येतो : "पोटासाठी बाटले." या शब्दाचा मला आज विचार करायचा आहे. कारण भाकरी आणि देव या दोन गोष्टी इतक्या वेगळ्या आहेत काय, हाच माझ्या विषयाचा गाभा आहे.

प्रथम न्यायाकडे पाहू. ख्रिस्ती लोक ज्याला जुना करार म्हणतात, त्यातील मोशेचे नियमशास्त्र म्हणते की रोजंदारीच्या माणसाची मजुरी रात्रभर आपल्यापाशी ठेवू नका. सूर्य मावळण्यापूर्वी ती त्याच्या हाती द्या, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यात गुंतलेला आहे. शेताच्या कडेचे पीक कापू नका, सरवा वेचू नका. तो गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. आमोस नावाचा मेंढपाळ संदेष्टा होऊन गेला. मापात लबाडी करून गरिबाला जोड्याच्या किमतीला विकत घेणाऱ्यांचे सण आणि भजने देवाला नकोशी झाली आहेत, असे त्याने तोंडावर सांगितले. नव्या करारातील याकोबाचे पत्र तर आमच्या हँडबिलासारखे वाटते : ज्यांनी तुमची शेते कापली त्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे, आणि ती ओरड देवाच्या कानी गेली आहे. म्हणजे या परंपरेत न्याय ही केवळ मेल्यानंतरची गोष्ट नाही. तो संध्याकाळी, मजुरी वाटण्याच्या वेळी सुरू होतो.

आता प्रेमाकडे वळू. येशूने सांगितलेला द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला आपल्यापैकी कित्येकांनी ऐकला असेल. मळ्याचा धनी पहाटे बाजारात जातो, दिवसाची मजुरी एक दिनार ठरवून माणसे लावतो. नऊ वाजता, बारा वाजता, तीन वाजता आणखी माणसे आणतो. दिवस मावळायला एक तास उरला असता तो पुन्हा जातो, तेव्हाही काही माणसे उभीच असतात. तुम्ही दिवसभर रिकामे का, असे तो विचारतो. त्यांचे उत्तर साधे आहे : आम्हांला कोणी कामावर घेतलेच नाही. संध्याकाळी तो शेवटच्यांपासून वाटप सुरू करतो आणि सर्वांना एक एक दिनार देतो. दिवसभर उन्हात राबलेले कुरकुर करतात.

मी युनियनचा माणूस. माझी पहिली सहानुभूती त्या कुरकुरणाऱ्यांकडे गेली. बारा तासांना आणि एका तासाला सारखा दाम, हा कोठला न्याय? परंतु दाखला नीट पाहिला म्हणजे दोन गोष्टी दिसतात. पहिली ही की, पहाटेच्या मजुराचा एक पैसाही कापलेला नाही. ठरले ते त्याला पुरेपूर मिळाले. दुसरी ही की, एक दिनार म्हणजे एका घराची एका दिवसाची चूल. एक तास काम मिळालेल्या माणसाच्या घरी खाणारी तोंडे एका तासापुरती नसतात. सकाळी मजूर अड्ड्यावर जाऊन पाहा. मुकादम कोणाला प्रथम निवडतो? तरण्याला, धट्ट्याकट्ट्याला. दहा वाजता तेथे कोण उरते? म्हातारा, आजारातून उठलेला, लेकरू कडेवर असलेली बाई. त्यांना आळशी म्हणणे सोपे आहे. दाखल्यातला धनी तसे म्हणत नाही. तो त्यांची गरज मोजतो.

ख्रिस्ती धर्म ज्याला कृपा म्हणतो ती हीच. देव माणसाच्या पुण्याचे तास मोजून दाम देत नाही. माणसाला जगायला जे लागते ते देतो. पण कृपा न्यायाच्या डोक्यावर पाय देऊन येत नाही. न्यायाचे देणे आधी चुकते होते, आणि मग त्याच्यावर प्रेमाचे माप पडते. जो मालक ठरलेली मजुरी बुडवतो आणि दिवाळीला मिठाईचा पुडा वाटतो, त्याला हा दाखला मुळीच आधार देत नाही.

आता तो "पोटासाठी" शब्द पुन्हा घेऊ. दुष्काळात मिशनच्या दारी गेलेली माणसे म्हणजे अकराव्या तासापर्यंत बाजारात उभी ठेवलेली माणसे होती. गावाने त्यांना पाणवठ्यावर घेतले नव्हते, देवळात घेतले नव्हते, शाळेत घेतले नव्हते. ज्याने त्यांना भाकरी दिली आणि पाटीवर अक्षर गिरवायला लावले, त्याचा देव त्यांना खरा वाटला असेल, तर त्यात हिणवण्यासारखे काय आहे? मात्र खुद्द मंडळीतही जात पुरती मेली नाही, हेही खरे आहे. तो न्याय अजून बाकी आहे.

तिसरा शब्द तारण. मराठी भाषेची येथे मौज आहे. ख्रिस्ती मनुष्य तारण म्हणतो तेव्हा त्याला पापातून सुटका अभिप्रेत असते. आणि सोसायटीत कर्ज काढताना आपण जे ठेवतो तेही तारणच. हा योगायोग असेल, पण उपयोगाचा आहे. कारण नव्या करारात सुटकेची भाषा बरीचशी बाजारातली आहे : ऋण, मोल, खंडणी. पैसे भरून गुलाम सोडवावा, तसे ख्रिस्ताने आपला जीव देऊन माणसाला सोडवले, अशी ती कल्पना आहे. ही खंडणी दिली कोणाला, यावर पंडितांचे शतकानुशतके वाद झाले. कोणी म्हणाले, सैतानाला. अकराव्या शतकाच्या अखेरीस आन्सेल्म म्हणाला, माणसाने देवाचा मान मोडला, त्याची भरपाई देवपुत्राने केली. त्याच्या मागून आलेला आबेलार म्हणाला, क्रूसावरचे प्रेम पाहून माणसाचे मन पालटते, हीच सुटका.

पंडितांचा वाद पंडितांवर सोपवू. आपल्या पाथर्डी-शेवगावच्या ऊसतोड कामगाराला खंडणीचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. त्याने मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगाम सरला तरी उचल फिटत नाही, आणि पुढच्या सालाला तो कोयता आधीच बांधलेला असतो. वेठबिगारी बंद करण्याचा कायदा १९७६ साली झाला. किमान वेतनाहून कमी दामावर राबवणे ही सक्तीची मजुरीच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली सांगितले. तरी वहीतला आकडा माणसाला धरून ठेवतो. अशा माणसाला "तुझे देणे फिटले, तू मोकळा आहेस" हे शब्द काय वाटत असतील, त्याची कल्पना करा. तारणाची गोडी तेथे आहे.

हे नुसते शब्द राहू नयेत म्हणून दोन नावे घेतो. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला. पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तेथील भगिनी जवळ घेतात हे पाहून त्यांचे मन ओढले गेले होते. तरी आपल्याला धर्म मिळाला होता, ख्रिस्त पुढे कित्येक वर्षांनी भेटला, असे त्यांनी स्वतःच लिहिले आहे. तारण कमवावे लागत नाही, ते मिळते, हे त्यांना नंतर उमगले. आणि उमगल्यावर त्या स्वस्थ बसल्या नाहीत. दुष्काळातील शेकडो मुली त्यांनी पुणे जिल्ह्यातील केडगावी आणल्या, संस्थेचे नाव मुक्ती ठेवले, आणि त्या मुक्तीत शेती, विणकाम, छापखाना सारे घातले.

दुसरे नाव आपल्या नगरचे, रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. पतितपावन हा शब्द वारकऱ्याला शिकवावा लागत नाही, म्हणूनच टिळकांना अभंगातून ख्रिस्त गाता आला. आयुष्याच्या अखेरीस, १९१७ साली, त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यास देवाचा दरबार मांडला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही जागा होती. लक्ष्मीबाईंची वाट आणखी कठीण. नवरा बाटला म्हणून त्या काही वर्षे दूर राहिल्या. जातीचा भेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःशी सोडवला, आणि मग सोवळे गळून पडले. ती हकिगत 'स्मृतिचित्रे'त त्यांच्याच शब्दांत वाचावी.

मला ठाऊक आहे की, माझे काही साथी म्हणतील, परलोकाची आशा दाखवून गरिबाला इहलोकी गप्प बसवणे हाच धर्माचा धंदा. तसे झालेले आहे. ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु १८३४ साली इंग्लंडात टॉलपडल गावचे सहा शेतमजूर संघटना केल्याबद्दल काळ्या पाण्यावर गेले, त्यांचा पुढारी जॉर्ज लव्हलेस हा मेथडिस्ट पंथाचा उपदेशक होता. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली आपल्या पत्रात लिहिले की, मालक-मजुरांनी आपखुशीने करार केला तरी त्याच्याही वर एक न्याय आहे. मजुरी माणसाला जगण्यापुरती असलीच पाहिजे. आपल्या देशात किमान वेतनाचा कायदा व्हायला १९४८ साल उजाडले.

श्रोतेहो, ख्रिस्ती माणसाने वा इतर कोणी यातले किती मानावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. मजपुरते मी इतकेच घेतले आहे. प्रेमाची गोष्ट जो सांगेल, त्याला आधी विचारावे : मजुरी दिलीस काय? आणि आम्हां न्याय मागणाऱ्यांनाही एक प्रश्न विचारावा : युनियनच्या वहीत ज्याचे नाव नाही, ज्याला कोणी कामावर घेतलेच नाही, तो संध्याकाळी काय खाणार? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे ज्या गावात मिळतील, त्या गावात देवाचे राज्य फार दूर नसेल.