बी-सेव्हनच्या शोधात



या व्यासपीठावर घराण्यांबद्दल पुष्कळ बोललं गेलं आहे. मी आज ज्या गिटारीबद्दल बोलणार आहे, तिला घराणंच नाही. अभिजात स्पॅनिश गिटारीत गुरू आहेत, परीक्षा आहेत, तो प्रांत वेगळा. माझा विषय आहे १९५७ च्या सुमाराला लिव्हरपूलमधल्या शाळकरी पोरांच्या हातात आलेली स्वस्तातली गिटार.

आदल्याच वर्षी लॉनी डोनेगनचं ‘रॉक आयलंड लाइन’ इंग्लंडभर गाजलं होतं आणि स्किफलचं वेड पसरलं होतं. चहाच्या रिकाम्या खोक्याला काठी अन् दोरी लावायची, की झाला बास. तालाला कपडे घासायची पत्र्याची फळी. कोणाकडे तरी एक गिटार, आणि तीन कॉर्ड. शिकवायला कोणी नाही. बर्ट वीडनचं ‘प्ले इन अ डे’ हे पुस्तक १९५७ मध्ये आलं. एका दिवसात वाजवा, असा त्याच्या नावातच वायदा. पुस्तकवाल्यांचा आशावाद सगळीकडे सारखाच.

पॉल मॅकार्टनीने पुढे अनेकदा सांगितलेली एक हकीकत आहे. त्याला आणि मित्रांना ई येत होती, ए येत होती. बी-सेव्हन येत नव्हती. तेवढ्यात कळलं, की शहराच्या दुसऱ्या टोकाला एकाला ती येते. मंडळी बसमध्ये बसली, त्या अनोळखी मुलाकडे गेली, बोटं कुठे ठेवायची ते पाहिलं आणि परत आली.

एवढा खटाटोप कशासाठी? ई हा षड्ज धरा. मग ए हा मध्यम आणि बी हा पंचम. षड्ज आणि मध्यम हाताशी आहेत, पण पंचमावरची कॉर्ड नाही, म्हणजे गाणं फिरून घरी कसं यायचं हेच माहीत नाही. आणि ही कॉर्ड नवशिक्याला छळते. मधलं बोट पाचव्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर, तर्जनी चौथ्या तारेच्या पहिल्यावर, अनामिका तिसऱ्या तारेच्या दुसऱ्यावर. दुसरी तार मोकळी सोडायची, आणि बिचाऱ्या करंगळीने सर्वांत बारीक तार दाबून धरायची. चारही बोटं कामाला. पुस्तकातल्या आकृतीत ठिपके दिसतात, मनगट किती वळवायचं ते दिसत नाही. त्यासाठी माणसाच्या समोर बसावं लागतं.

बरं, ही पोरं एकत्र आली ती काही एकाच आवडीने नाही. ६ जुलै १९५७ रोजी वूल्टनच्या चर्चच्या जत्रेत पॉल जॉन लेननला भेटला, तेव्हा जॉन गिटारीवर बँजोच्या कॉर्ड वाजवत होता. त्याच्या आईला, जूलियाला, बँजो येत असे, तिनेच त्या शिकवलेल्या. पॉलने त्याची गिटार नीट लावून दिली. जॉनला चक बेरीचं वेड. जॉर्ज हॅरिसनला कार्ल पर्किन्स आणि चेट ॲटकिन्स. पॉल लिटल रिचर्डसारखा किंचाळू शके, आणि घरी वडिलांच्या पियानोवरची जुन्या वळणाची गाणीही त्याला मनापासून आवडत. जॉन पुढे त्या गाण्यांना आजीबाईंचं संगीत म्हणून नाकं मुरडत असे. माझ्या मते बीटल्सचं भांडवल हे भांडणच होतं. आपल्याकडे शिष्याने काय ऐकायचं आणि काय नाही, हे गुरू ठरवतो. इथे ते शेजारी बसलेला मित्र ठरवतो, आणि त्याचा अधिकार एवढाच, की त्याच्याकडे तुमच्याकडे नसलेली रेकॉर्ड आहे.

मित्राकडून शिकण्याचा सर्वांत सुंदर नमुना आपल्याच देशात घडला. १९६८ च्या फेब्रुवारीत बीटल्स ऋषिकेशला महर्षी महेश योगींच्या आश्रमात आले. डोनोवन हा स्कॉटिश गायकही तिथे पोचला. विजेच्या गिटारी नाहीत, साध्या लाकडी गिटारी. डोनोवन बोटांनी तारा छेडायचा: अंगठा खर्जाच्या तारांवर आलटूनपालटून ठोके देत राहतो आणि वरच्या तारांवर बाकीची बोटं सूर वेचतात. जॉनने विचारलं, हे कसं करतोस? डोनोवनच्या सांगण्याप्रमाणे तो दोन दिवसांत ते शिकला. ‘डिअर प्रुडन्स’मध्ये ते वाजतं, आणि ‘जूलिया’मध्येही. म्हणजे पहिल्या कॉर्ड देणाऱ्या आईवरचं गाणं मित्राकडून घेतलेल्या हाताने वाजलं.

पॉल बसून शिकला नाही, पण कानावर पडलेलं त्याने आपल्या पद्धतीने वळवून घेतलं. ‘ब्लॅकबर्ड’चं मूळ मात्र तो बाखच्या एका बूरेत, म्हणजे नाचाच्या चालीवरच्या रचनेत, सांगतो. पोरवयात तो आणि जॉर्ज ती रचना अर्धवट, चुकतमाकत, शायनिंग मारायला वाजवत.

जॉर्जची गोष्ट निराळी. त्याने गुरू केला. १९६६ साली पंडित रविशंकर त्याला सतार शिकवू लागले. फोन वाजला म्हणून जॉर्ज उठला आणि सतार ओलांडून निघाला, तेव्हा पंडितजींनी त्याच्या पायावर चापट मारली. हे त्याने स्वतःच सांगितलं आहे. गिटार ओलांडली म्हणून लिव्हरपूलमध्ये कोणी कोणाला मारलं नसतं! त्याच सप्टेंबरात तो मुंबईला आला, मिशी ठेवून ताजमहाल हॉटेलात उतरला, आणि तरीही ओळखला गेला. पुढे आपण मोठे सतारिये होणार नाही, हे त्याने ओळखलं आणि तो गिटारीकडे परतला. काहींनी याला धरसोड म्हटलं. मला ते पटत नाही.

१९६९ च्या डिसेंबरात डिलेनी आणि बॉनी या गायक जोडप्याच्या दौऱ्यात तो साथीला होता. डिलेनीने त्याच्या हातात स्लाइड दिली आणि म्हणाला, हा तुकडा तू वाजव. स्लाइड म्हणजे बोटात घालायची नळी. ती तारेवरून सरकते आणि पडद्यांची बंधनं सुटतात. पुन्हा तोच प्रकार, सोबत्याने चालता चालता दिलेली वस्तू. पण इथे हात सतारीवर बसलेला होता. बाकीचे वादक स्लाइडवर ब्लूजचे तुकडे फेकत, जॉर्ज मींड घेऊ लागला.

पुढच्याच वर्षीचं ‘माय स्वीट लॉर्ड’ घरी गेल्यावर लावा. शब्द सुरू होण्याआधीचा स्लाइडचा तुकडा ऐका, आणि एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना तो मधल्या जागेत किती वेळ काढतो तेवढं बघा.