पाय जपा, रोवणी साधा



धानाची रोवणी म्हणजे दिवसभर बांधीच्या चिखलात उभे राहणे. बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, टाचा फाटतात. धडधाकट माणसाचे निभावते. पण हत्तीरोगाने पाय सुजलेला असेल, किंवा कुष्ठरोगाने बधिर झाला असेल, तर हीच भेग महागात पडते. आपल्या पूर्व विदर्भात हे दोन्ही रोग जुने. औषधे वेगळी, पण पायाची निगा बरीचशी एकच.

हत्तीरोग डासांमुळे पसरतो. हा डास गटारात, साचलेल्या घाण पाण्यात वाढतो. सुजलेल्या पायाच्या भेगेतून जंतू शिरले की थंडीताप येतो, पाय लाल होतो आणि दर खेपेस सूज वाढते. कुष्ठरोगात काटा रुतला तरी कळत नाही. जखम चिघळते, बोटे झिजून आखूड होतात.

मग काय करावे?

१) रोज संध्याकाळी पाय साबणाने व साध्या पाण्याने धुवा. बेचक्या मऊ कापडाने टिपून कोरड्या करा.

२) उजेडात तळवा पाहा. स्वतःला दिसत नसेल तर घरच्यांना दाखवा.

३) बधिर, कोरड्या पायाला धुतल्यावर तेल लावा, बेचक्यांत मात्र नको. सुजलेला पाय बसताना, झोपताना उंचावर ठेवा.

४) अनवाणी फिरू नका. जखम असेल तर ती भरेपर्यंत चिखलात उतरू नका. बांधावरचे काम करा.

५) ताप येऊन पाय लाल झाला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

अंगावर फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा दिसला तर लपवू नका. १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी कुष्ठसेवा सुरू केली, तेव्हा खात्रीचे औषध नव्हते. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. आज प्राथमिक आरोग्य केंद्रात तो फुकट मिळतो. सहा किंवा बारा महिन्यांत रोग बरा होतो. उशीर झाला तर रोग जातो, पण गेलेली संवेदना बहुधा परत येत नाही.

हत्तीरोगाच्या गोळ्यांची मोहीम गावात आली, की जेवण करून कर्मचाऱ्यासमोरच गोळ्या घ्या. "मला कुठे सूज आहे?" असे म्हणू नका. सूज नसतानाही रक्तात जंतू असू शकतात. गरोदर बाया, दोन वर्षांखालील लेकरे व फार आजारी माणसे यांना गोळ्या देत नाहीत.

आशाताई दारी आल्या, की चट्टा आणि सूज दोन्ही एकाच वेळी दाखवा. बैलाच्या खुराला जखम झाली तर आपण त्याला औताला जुंपत नाही. घरच्या माणसाच्या पायाची तेवढी तरी काळजी घेऊ या.