मृत्युपत्र आणि मनाची शाबुती



मृत्युपत्राला जोडलेला डॉक्टरांचा दाखला बहुतेक वेळा एका ओळीचा असतो. ‘सदर व्यक्तीस आज तपासले असून ती मानसिकदृष्ट्या सक्षम आहे.’ खाली सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. डॉक्टरांनी काय विचारलं, उत्तर काय आलं, खोलीत आणखी कोण होतं, यातलं काहीच त्यात नसतं. पुढे भावंडं कोर्टात समोरासमोर उभी राहतात, तेव्हा मृत्युपत्र करणारा सांगायला उरलेला नसतो आणि ही ओळ त्याच्या वतीने काहीच बोलत नाही. मी डॉक्टर आहे आणि मला या ओळीची काळजी वाटते.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाच्या ५९ व्या कलमानुसार सज्ञान आणि शाबूत मनाची कोणतीही व्यक्ती मृत्युपत्र करू शकते. एरवी वेड लागलेला माणूससुद्धा मन ठिकाणावर असेल तेवढ्या काळात ते करू शकतो. मात्र नशेमुळे किंवा आजारामुळे आपण काय करतोय हेच ज्याला कळत नाही, त्याला ते करता येत नाही. या कलमाखाली एक उदाहरण दिलंय. एका माणसाला आजूबाजूला काय चाललंय ते समजतं, नेहमीच्या प्रश्नांना तो उत्तरंही देतो. पण आपली मालमत्ता काय, नात्याचं कोण, कोणाला देणं रास्त, याची त्याला पुरेशी जाण नाही. अशा माणसाचं मृत्युपत्र वैध नाही. म्हणजे ‘आजोबा, जेवलात का?’ याला ‘हो, जेवलो’ असं उत्तर आलं, एवढ्याने भागत नाही.

याची दुसरी बाजू इंग्लंडमधल्या एका जुन्या खटल्यात दिसते. जॉन बँक्स नावाचा माणूस काही काळ वेड्यांच्या इस्पितळात राहिलेला होता. फेदरस्टोन अलेक्झांडर नावाचा, केव्हाच मेलेला माणूस आपला छळ करतो, भुतं आपल्या मागे लागली आहेत, अशी त्याची पक्की समजूत होती. त्याने आपली १५ घरं सोबत राहणाऱ्या भाचीला दिली. १८७० मध्ये मुख्य न्यायमूर्ती कॉकबर्न यांनी ते मृत्युपत्र वैध ठरवलं. भुतं होती, पण भाचीला घरं देण्याच्या निर्णयात ती कुठेच शिरली नव्हती. आपण काय करतोय, आपल्याकडे किती आहे, कोणाकोणाचा विचार करायला हवा, आणि भ्रमाने हा निर्णय बिघडवलाय का, हे त्या निकालातले प्रश्न आपल्याकडच्या कोर्टांतही आधाराला घेतले जातात.

मला हा निकाल फार माणुसकीचा वाटतो. कारण आपण रोगाचं नाव ऐकलं की माणूस बाद करतो. ‘आईला डिमेन्शिया आहे, तिची सही कशाला घ्यायची?’ समजा, एका आजींना आजचा वार सांगता येत नाही, साल चुकतं. स्मरणशक्तीच्या ३० गुणांच्या चाचणीत त्यांना कमी गुण पडतात. पण त्यांना विचारलं, ‘आजी, तुमच्या नावावर काय काय आहे?’ तर त्या म्हणतात, ‘राहतं घर, ओढ्याकाठची जमीन आणि या पाटल्या.’ कोणाला द्यायचं? ‘घर धाकटीला. थोरल्याला त्याच्या बापानं दुकान घालून दिलंय. धाकटीनं मला सांभाळलं.’ आणि थोरला रागावला तर? ‘रागावेल की. त्याला मी आधीच सांगितलंय.’ या आजी वार विसरल्या असतील, पण त्या काय करताहेत ते त्यांना पुरतं कळतंय. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही स्पष्ट केलंय की नुसतं मानसिक आजाराचं निदान झालं म्हणून कोणी विकल मनाचा ठरत नाही.

याउलट ज्याला कसलाच मनोविकार नाही, असा माणूस ऑपरेशननंतर, लघवीच्या संसर्गात किंवा रक्तातलं सोडियम घसरल्यावर पार भांबावून जातो. सकाळी बरा बोलतो, संध्याकाळी मुलाला ओळखत नाही. वैद्यकशास्त्रात याला डिलिरियम म्हणतात. कारणावर उपचार झाले की तो बहुतेकदा ओसरतो. नेमक्या अशाच वेळी नातेवाईक कागद आणि शाईचा पॅड घेऊन अतिदक्षता विभागाच्या दाराशी येतात. त्या दिवशी अंगठा घेऊच नये. थांबावं, आणि माणूस सावरल्यावर पुन्हा विचारावं.

न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी सर्वोच्च न्यायालयात वेंकटाचल अय्यंगार खटल्याचा जो निकाल लिहिला, तो आजही मृत्युपत्राच्या वादांत पहिल्यांदा काढला जातो. थरथरती सही, दुबळं मन, जवळच्यांना कारणाशिवाय वगळणं, ज्याला लाभ त्यानेच पुढाकार घेणं, अशा संशयास्पद गोष्टी असतील तर त्यांचं निरसन मृत्युपत्र पुढे आणणाऱ्यानेच करायचं. मृत्युपत्र नोंदवलेलं आहे, एवढ्याने हा संशय आपोआप फिटत नाही.

म्हणून माझं डॉक्टरांना कळकळीचं सांगणं आहे. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना आधी खोलीबाहेर पाठवा. चष्मा आणि कानाचं यंत्र लावायला सांगा. अर्धांगवायूमुळे वाचा गेली असेल, तर समजही गेली असं धरू नका. मान हलवून, बोट दाखवून उत्तरं घ्या, आणि तोच प्रश्न उलटा करून पुन्हा विचारा. गुंगीचं औषध किती वाजता दिलं ते पाहा. प्रश्न आणि उत्तरं त्या माणसाच्याच शब्दांत, तारीख-वेळेसह लिहा आणि कागदाची प्रत स्वतःकडे ठेवा.

आणि घरच्यांनो, साक्षीदार दोन लागतात. ते तुमच्यापेक्षा वयाने लहान असावेत, म्हणजे गरज पडेल तेव्हा कोर्टात येऊन सांगू शकतील. हातीपायी धड असतानाच मृत्युपत्र करा. शुद्ध शाबूत असेपर्यंत ते हवं तेव्हा बदलता येतं, रद्दही करता येतं. एखाद्याला कमी देत असाल, तर का, तेही त्यातच लिहून ठेवा.